हवा कुठून येते?

मुलांनो, 'खला' हा शब्द तुम्ही घरीदारी ऐकता. जिथे काहीही नाही अशी जागा म्हणजे खला. अवकाशयान ज्या जागेतून जाते तिलाही उर्दूत खलाच म्हणतात. मराठीत अशा जागेला 'पोकळी' म्हणतात आणि जिच्यातली हवा काढून टाकली आहे अशा पोकळीला 'निर्वात' म्हणतात. 'वात' म्हणजे वारा. 'निर्' म्हणजे नसलेला. 'हवा' हा शब्द मात्र दोन्ही भाषांत एकच. तो अरबी-फारसीतून उर्दूत आला, तसाच मराठीतही आला. या पाठात तो तुम्हांला पुष्कळदा भेटेल, कारण हा पाठ हवा बाहेर काढणाऱ्या एका जुन्या यंत्राचा आहे.

खला खरोखर असते का, या प्रश्नावर माणसे फार पूर्वीपासून वाद घालत आली आहेत. दहाव्या शतकात अल-फाराबी यांनी या विषयावर एक छोटा प्रबंध लिहिला आणि भांडे व पाणी यांचे दाखले देऊन विचार मांडला. पुढे सतराव्या शतकात जर्मनीतल्या मागदेबुर्ग शहराच्या ओटो फॉन गेरिके यांनी हवा काढण्याचा पंपच तयार केला. त्यांनी तांब्याचे दोन अर्धगोल एकमेकांना जोडून त्यांतील हवा काढली. मग दोन्ही बाजूंनी घोडे जुंपले, तरी ते अर्धगोल सुटेनात. वाद घालण्याचा हा प्रकार मला फार आवडतो. तोंडाने काही बोलायचे नाही, घोडे जुंपायचे!

आता आपल्या शाळांकडे या. 'ध्वनी निर्वातातून जाऊ शकत नाही' हे वाक्य तुम्ही पाठ केले असेल. त्याखालची आकृतीही काढली असेल : काचेची हंडी, तिच्यात टांगलेली विजेची घंटा, खाली पंपाकडे जाणारी नळी. मी गोंदियाला एका शाळेत विज्ञान शिकवते. माझ्या वर्गातल्या मुली ही आकृती इतकी सुबक काढत की गुण कापायला जागा नसे. पण तो प्रयोग त्यांच्यापैकी एकीनेही पाहिलेला नव्हता.

पंप नव्हता असे नाही. शाळेच्या जडसंग्रह नोंदवहीत तो होता : 'निर्वात-पंप, विजेवर चालणारा, नग १'. पुढे लाल शाईत शेरा होता : 'नादुरुस्त'. ओतीव लोखंडाचा, हिरव्या रंगाचा, एका फळीवर मोटारीशेजारी पक्का बसवलेला असा तो जडशीळ पंप कपाटाखाली पडलेला असे. एका वर्षी निर्लेखनाची यादी निघाली. निर्लेखन म्हणजे जुनी, निकामी वस्तू नोंदवहीतून कायमची कमी करणे. तसे झाले की ती वस्तू भंगारात जाते. यादीत पंपाचे नाव होते. नवा पंप घेण्याएवढे पैसे शाळेकडे नव्हते आणि पुढेही लवकर येण्याची चिन्हे नव्हती. मी मुख्याध्यापकांना विचारले. ते म्हणाले, "महिनाभर यादी थांबवतो. चालू झाला तर ठेवू."

गावातल्या मोटार दुरुस्त करणाऱ्याला पंप दाखवला. त्याने तो सुरू केला, तोंडावर अंगठा ठेवला आणि म्हणाला, "मॅडम, ओढतो की चांगला! पंपाला काही झालेलं नाही." अंगठा खरोखरच ओढला जात होता. पण हंडी लावली की आतली घंटा पहिल्यासारखीच खणखणीत ऐकू येई. मग खोट कशात होती?

माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील रेल्वेत आहेत. त्यांनी सुचवले, "दरेकशाला आमचे एक जुने फिटर राहतात. त्यांचं सारं आयुष्य निर्वात-ब्रेक सांभाळण्यात गेलं. त्यांना दाखवून पाहा." म्हणून एका रविवारी माझा धाकटा भाऊ आणि मी पंप पोत्यात गुंडाळून सकाळच्या गाडीत बसलो. गुदमा, आमगाव, धानोली, सालेकसा आणि मग दरेकसा. आपल्या जिल्ह्याच्या या टोकाला डोंगर सुरू होतात. पुढे बोगदा आहे आणि त्यापलीकडे छत्तीसगड. माघ पौर्णिमेला कचारगडच्या गुहांकडे जाणारे हजारो गोंड भाविक याच स्थानकावर उतरतात. पावसाळ्यात हाजरा धबधबा पाहायला माणसे येतात. पोत्यात पंप घेऊन उतरणारे मात्र बहुधा आम्हीच पहिले असू.

काकांचे वय पंचाहत्तरीच्या पुढे. एका कानाने मुळीच ऐकू येत नाही, दुसऱ्याने थोडे. त्यांनी पंप पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला तो असा : "बाई, हवा कुठून येऊन राहिली?"

आमच्या भागातल्या बोलीत 'येत आहे' ऐवजी 'येऊन राहिली' म्हणतात. मला वाटले, ते विचारतील की पंप हवा का ओढत नाही. तसे मी बोलूनही दाखवले. काका हसले. "पंप काही ओढत नसतो. तो फक्त जागा करून देतो. हवा आपल्या पायांनी येते. आणि ती जायच्या दारानं बाहेर जाते, तशी दुसऱ्या दारानं परतही येते. ते दुसरं दार शोधा."

हे समजण्यासाठी पंपाच्या पोटात काय असते ते पाहू. एका गोल पोकळ डब्यात त्याहून लहान, भरीव दंडगोल फिरत असतो. तो डब्याच्या मधोमध नसतो. एका बाजूला जवळजवळ टेकलेला असतो. म्हणून दुसऱ्या बाजूला चंद्रकोरीसारखी जागा उरते. दंडगोलाला खाचा असतात आणि खाचांत पाती बसवलेली असतात. स्प्रिंगमुळे ही पाती बाहेर रेटली जातात आणि डब्याच्या भिंतीला घासत फिरतात. फिरताना पात्यामागची जागा वाढत जाते, तेव्हा हंडीतली हवा पसरून तिच्यात शिरते. पुढची जागा आक्रसत जाते, तेव्हा तिथली हवा दाबली जाऊन झडपेतून बाहेर पडते. सगळ्या फटी तेलाच्या पातळ थराने बुजवलेल्या असतात. फिरत्या पात्यांची ही कल्पना जुनी आहे. १५८८ साली छापलेल्या आपल्या पुस्तकात आगोस्तिनो रामेल्ली या इटालियन यंत्रज्ञाने अशा पाण्याच्या पंपाची आकृती दिली होती.

निर्वात-ब्रेकची गोष्ट काकांनी चहा होईपर्यंत सांगितली. ती तुम्हांलाही सांगते, कारण पुढचे सारे तिच्यावरच आधारलेले आहे. आता आपल्या मोठ्या मार्गांवरील गाड्यांना दाबलेल्या हवेचे ब्रेक असतात. पूर्वी निर्वाताचे असत. इंजिनापासून गार्डच्या डब्यापर्यंत एक नळी गाडीभर जाई आणि इंजिनातला पंप तिच्यातली हवा सतत काढत राही. नळी निर्वात असेल तोवर चाके मोकळी. चालकाने नळीत हवा सोडली की ती प्रत्येक डब्याखालच्या दट्ट्याला रेटी आणि ब्रेक लागत. प्रवाशाने साखळी ओढली तरी नळीत हवाच शिरे. आणि धावत्या गाडीचे डबे तुटून वेगळे झाले, तर जोडनळी उखडून हवा आपोआप आत येई आणि दोन्ही तुकडे थांबत. म्हणजे ब्रेक लावण्याचे काम हवेचे. पंपाचे काम तिला बाहेर ठेवण्याचे. निर्वात मोजायचा तो पाऱ्याच्या उंचीत. इंजिनाजवळ ५३ सेंटिमीटर आणि गार्डच्या डब्यात निदान ४७ सेंटिमीटर निर्वात दिसल्याशिवाय गाडी सोडत नसत.

आता समजा, चाळीस वाघिणींची मालगाडी उभी आहे आणि काटा चाळिसाच्या पुढे जात नाही. कुठेतरी गळती आहे. काय कराल? एका टोकापासून एकेक जोड तपासत जाल? काकांनी असा प्रश्न आम्हांला केला आणि उत्तरही स्वतःच दिले. "मधोमध जायचं. विसाव्या वाघिणीपाशी नळी सोडून तिचं तोंड बंद करायचं. काटा वर गेला तर पुढचा अर्धा भाग चांगला, गळती मागच्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचा अर्धा करायचा." गणित करून पाहा : वीस, दहा, पाच, तीन, दोन, एक. फार तर सहा वेळा तोंड बंद करून चाळीस वाघिणींतली एक सापडते.

आमची गाडी तीनच डब्यांची होती : पंप, रबरी नळी आणि हंडी. काकांनी नळी काढून टाकली आणि पंपाच्या तोंडावर थेट मापक बसवला. फ्रिज दुरुस्त करणाऱ्यांकडे असतो तसलाच हा मापक मी गोंदियाहून नेला होता. पण मोटार सुरू करण्याआधी पट्टा काढून पंपाचे चाक हाताने फिरवून पाहिले. ते फिरले, पण जडपणे, मध्येच अडखळत. मग पट्टा चढवला आणि मोटार लावली. काटा ५८ सेंटिमीटरवर जाऊन थांबला.

"रेल्वेला पुरे," काका म्हणाले. "तुमच्या घंटेला नाही पुरत."

हे कसे? मापकावर शेवटचा आकडा ७६ असतो. हवेचा समुद्रसपाटीवरचा दाब पाऱ्याच्या ७६ सेंटिमीटर उंचीइतका असतो. पण आपला गोंदियाचा भाग समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंच आहे. इथे हवेचा दाब ७३ सेंटिमीटरच्या आसपास असतो. म्हणून आपल्याकडे सगळी हवा काढली तरी काटा ७३ च्या पुढे फारसा जाणार नाही. त्याला पंपाचा दोष मानायचे नाही. ७३ तून ५८ वजा केले की उरतात १५. म्हणजे आत अजून पाचव्या हिश्श्याइतकी हवा होती. एवढ्या हवेतून घंटा चांगली ऐकू येते. अंगठ्याला मात्र हा फरक कळत नाही. चार पंचमांश हवा काढली काय आणि जवळजवळ सगळी काढली काय, अंगठा सारखाच ओढला जातो. म्हणून मोटारवाल्याचा अंगठा खरे सांगत होता, पण अपुरे सांगत होता.

तर पहिली खोट पंपातच होती. वीज बंद करून, प्लग काढून काकांनी तेलाची गुटी सोडली. तेल मधासारखे निघायला हवे होते. निघाले दुधाळ चहासारखे. त्यात पाणी मिसळले होते. पंपात पाणी येते तरी कुठून? हवेबरोबर वाफ येते. पंप तिला दाबतो, तेव्हा ती पुन्हा पाणी होऊन तेलात मिसळते. १९३५ साली वोल्फगांग गेडे या जर्मन शास्त्रज्ञाने यावर एक युक्ती काढली. दाबण्याच्या वेळी थोडी बाहेरची कोरडी हवा मुद्दाम आत सोडायची, म्हणजे वाफ पाणी होण्याआधीच तिच्याबरोबर झडपेतून निघून जाते. आमच्या पंपावर यासाठी एक बारीक चकती होती. तिला हात लावू नये अशीच सर्वांची समजूत होती. ती इतकी गंजली होती की काकांना ती तेलात भिजवून सोडवावी लागली.

बाजूचे झाकण उघडले. दंडगोलाला दोन पाती होती. एक बोटाने दाबले की स्प्रिंगने टुणकन वर येई. दुसरे खाचेत रुतून बसले होते. जुन्या तेलाचा खळीसारखा चिकट थर त्याच्याभोवती जमला होता. दोन पात्यांचा पंप इतके दिवस एकाच पात्यावर चालत होता! माझ्या भावाने पेचकस हातात घेतला. काकांनी तो काढून घेतला. "लोखंडानं उकरायचं नाही. ओरखडा पडला की ते हवेचं दार झालं." थोडे डिझेल घालून पाते तासभर तसेच ठेवले आणि मग बांबूच्या चपट्या काडीने हळूहळू सरकवले. ते अखंड निघाले. पाते तुटले असते तर त्या जुन्या पंपाचे पाते मिळणे कठीण होते. तो तास आम्हांला फार लांब वाटला.

चाकाजवळ तेलाचा ओघळ होता, तिथले रबरी सील कडक होऊन तडकले होते. त्याच्यावरचा आकडा मी लिहून घेतला. गोंदियात मोटारसायकलचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात त्याच मापाचे सील मिळाले. पंपासाठीचे तेल मात्र नागपूरहून मागवावे लागले. गाडीच्या इंजिनाचे तेल चालत नाही, त्यातल्या इतर द्रव्यांची वाफ निर्वात बिघडवते.

पुढच्या रविवारी दरेकशाला गेलो तेव्हा काकांनी सगळे भाग धुऊन, पुसून, ओळीने वर्तमानपत्रावर मांडून ठेवले होते. ज्या क्रमाने निघाले, त्या क्रमाने. पुसण्यावर त्यांचा फार भर. डिझेलचा एक थेंब आत राहिला तरी त्याची वाफ होत राहते आणि काटा चढत नाही. झाकणाखालचा कागद त्यांनी कसा कापला तेही सांगते. कात्री वापरली नाही. जाड कागद पंपाच्या कडेवर ठेवून लहान हातोडीने कडेकडेने टकटक ठोकले, आणि कागद बरोबर त्या आकाराचा कापून हातात आला. जुना कागद जेवढा जाड तेवढाच नवाही हवा. जाड घेतला तर झाकण आणि दंडगोल यांच्यातली फट वाढते.

जोडणी झाली. नवे तेल घातले. चकती उघडी ठेवून वीस मिनिटे पंप नुसता चालवला, मग ती बंद केली. काटा ५८ ओलांडून गेला, ७० ओलांडला आणि ७३ च्या जरासा अलीकडे स्थिरावला. भावाने टाळी वाजवली. काकांनी नळी आणि हंडी जोडायला सांगितली. काटा पडला : ६४.

आता गळती पंपात नव्हती, एवढे तर नक्की होते. काकांनी हंडी काढून नळीचे दुसरे टोक बंद करायला सांगितले. काटा तरीही ६४. म्हणजे हंडीही सुटली. उरली नळी.

"माझा कान गेला," काका म्हणाले. "बाई, तुम्ही ऐका."

मी नळीला कान लावला. मोटारीच्या आवाजात काहीच कळेना. त्यांनी मोटारीवर गोणपाट न टाकता ती अंगणात, नळी पुरेल तितकी दूर ठेवायला लावली. गोणपाटाने मोटार तापते. मग वर्तमानपत्राची सुरळी करून तिचे एक टोक कानाशी आणि दुसरे नळीवर धरायला सांगितले. मी इंच इंच सरकत गेले. पितळी जोडापाशी फार बारीक आवाज आला, दातांतून श्वास घेतल्यासारखा. साबणाचे पाणी लावू का, असे भावाने विचारले. सायकलच्या ट्यूबमधून हवा बाहेर येते म्हणून बुडबुडे दिसतात. इथे हवा आत जात होती. काकांनी मोटारीपासून आणि डिझेलच्या डब्यापासून दूर, जोडाजवळ उदबत्ती धरली. धुराची रेघ सरळ वर जाता जाता वाकली आणि नळीतल्या एका चिरेत शिरली. हवा कुठून येत होती, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले. नळीचे ते टोक चार बोटे कापून पुन्हा बसवले आणि काटा जाग्यावर आला.

परत येताना काका आमच्याबरोबर गोंदियाला आले. "मशीन सुधारलं, पण गाडी पाहिली नाही तर काय उपयोग?" असे त्यांचे म्हणणे.

सोमवारी नववीच्या मुली प्रयोगशाळेत जमल्या. हंडी जाड काचेची, मुद्दाम निर्वातासाठी बनवलेली होती. तिला चीर नाही ना हे आधी उजेडात फिरवून पाहिले. २० सेंटिमीटर व्यासाच्या हंडीला हवा ३०० किलोग्रॅमच्या आसपास भाराने तळाशी दाबते. तेव्हा अशी हंडी फुटली तर काच आत जाऊन उसळते. म्हणून तिच्याभोवती तारेची जाळी लावली आणि मुलींना मागे उभे केले. तुम्ही हा प्रयोग शिक्षकांशिवाय करू नका आणि घरच्या बरणीवर तर मुळीच करू नका.

घंटा सुरू झाली. पंप सुरू झाला. आवाज मंदावत गेला, दूरच्या गल्लीत वाजल्यासारखा झाला. घंटेचा टोला मात्र पहिल्याच वेगाने आपटताना दिसत होता. काका एका स्टुलावर बसले होते. त्यांना घंटा आधीही ऐकू आली नव्हती. ते टोल्याकडे पाहत होते, मग मुलींच्या तोंडांकडे.

मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, अजून थोडं ऐकू येतंय. पुस्तकात तर लिहिलंय की ऐकू येत नाही." काही जणी तिला गप्प करू लागल्या. पण तिचे बरोबर होते. आम्ही तिला पुढे बोलावले. काट्याला विचारले, तो ७३ पाशीच होता. नळी ठीक, पंप ठीक. मग आवाज कोणत्या दाराने येत होता? तिने हंडीत बराच वेळ डोकावून पाहिले आणि घंटा ज्या ताठ तारेला टांगली होती तिच्याकडे बोट दाखवले. आधी झडप उघडून हवा आत सोडली, मग पंप बंद केला. उलट क्रमाने केले तर तेल हंडीकडे चढते. तार काढून घंटा रबराच्या दोन पट्ट्यांवर टांगली. विजेच्या तारांना ढिले वळण दिले. पुन्हा हवा काढली. या वेळी आवाज इतका कमी झाला की ती मुलगी कान पुढे करून उभी राहिली आणि शेवटी मान हलवून मागे सरली.

नोंदवहीतला लाल शेरा मुख्याध्यापकांनी खोडून 'चालू स्थितीत' असे लिहिले आणि तारीख घातली. काका दुपारच्या गाडीने दरेकशाला गेले. पंपाला आता पुठ्ठ्याचा एक तुकडा बांधलेला आहे. तेल कधी बदलले आणि पुढे कधी बदलायचे, ते त्याच मुलीने त्यावर उर्दूत आणि खाली मराठीत लिहिले आहे.